पोचा

शाळेच्या भांडारात सात होत्या.
सहा वितळायला गेल्या. एक ठेवली दर्शनी कपाटासाठी.
सोबत निकामी केल्याचा दाखला, पोलीस ठाण्याचे दोन शिक्के,
आणि तळाशी पेनाने लिहिलेलं:
साफसफाई – प्रयोगशाळेच्या निवृत्त बाई, विनामोबदला.

ती बाई मी.

चेंदणी कोळीवाड्यात, दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत,
जुन्या चादरीवर तिला आडवी केली.
नळीला आरपार भोक, बोल्टमधली सुई छाटलेली,
कुंद्यावर कुणी शाळेच्या बाकांचा उरलेला हिरवा रंग फासलेला.
शेजारची मुलं कठड्यावरून डोकावून गेली.
"उडते का?"
"नाही रे."
"मग कशाला?"

याचं उत्तर मलाही नीट देता आलं नसतं.

हिराजी तांडेल बोटींची इंजिनं खोलतो.
त्याने बोल्ट हातात घेऊन वास घेतला, आणि म्हणाला,
"खाडीचा वारा लोखंड खातो, बाय.
घासून सोडू नको. त्याल पाज, रोज पाज."
मी रॉकेल, पितळी ब्रश, जुनं गंजीफ्रॉक.
गंज सुटत गेला तसा गळ्याशी मुकुट दिसला,
मुकुटाखाली ईशापूर, १९४३.
त्या वर्षी त्याच बंगालात माणसं
पेजेची भांडी घेऊन दारोदार फिरत होती.
ही तेव्हा कोऱ्या तेलात न्हाऊन पेटीत बसली असेल.
पेटीतून कुठे गेली, कोणाच्या खांद्याला टेकली,
समोर कोण होतं,
हे कुठल्याच दाखल्यात नाही.
मी ब्रश खाली ठेवला. चहा केला. पुन्हा उचलला.

कुंद्याच्या टाचेला पितळी झाकण असतं, ते तीन दिवस हलेना.
उघडलं तेव्हा आत तेलाची कुपी, दोरी,
आणि काळी पडलेली चिंदी.
वास आला, आणि माझे खांदे आपोआप मागे गेले.
एकोणीसशे एकोणऐंशी. वेण्या वर बांधलेल्या.
हवालदार खिलारे ओरडतायत, बाजू शस्त्र!

हिरव्या रंगाखाली लाकूड मधाच्या रंगाचं निघालं.
लाकडातले पोचे काढायचे तर
ओलं फडकं ठेवायचं आणि वर तापलेली इस्त्री.
वाफ आत शिरते, दबलेले तंतू फुगून वर येतात.
एकेक करून सतरा काढले.
अठरावा ओळखीचा होता.

सव्वीस जानेवारीची तालीम,
फरशीवर धाडकन आवाज,
आणि फिलोमिना डिमेलो एक पाऊल पुढे.
रायफल डोक्यावर धरून मैदानाला पाच फेऱ्या.
शेवटच्या फेरीत तिचे कोपर थरथरत होते,
आम्ही रांगेत उभ्या, नजर समोर.
हा पोचा तिचा. तो राहू द्यायचा, मी ठरवलं.

चरईतल्या तिच्या वहिनीकडून नंबर मिळवला.
फोनवर ती आधी ओळखेना, मग खूप हसली.
मी म्हटलं, तुझ्या हातून पडली होती ना, तीच.
ती थांबली.
"माझ्या हातून? अगं, तुझ्या.
तू तापातून उठली होतीस, पाच फेऱ्या मारल्या असत्यास होय?
मी आपली पुढे झाले."
मग तिने गुडघ्यांचं विचारलं,
नातू सायकल शिकतोय म्हणाली,
आणि कुकरची शिट्टी झाली म्हणून फोन ठेवला.

चव्वेचाळीस वर्षं मी तिची कीव केली.

गॅलरीत ऊन सरकून कठड्यापाशी गेलं होतं.
खालून सुकटीचा वास.
फडकं ओलं होतं, इस्त्री तापलेली.
मी बटण बंद केलं.
मग तळव्यावर जवसाचं तेल घेतलं
आणि हात ऊन होईपर्यंत
त्या एवढ्याशा खळग्यात
अंगठा फिरवत राहिले.